वगळून

काउंटी कोर्टाच्या तळघरात खिडकी एकच,
तीही रस्त्याच्या पातळीला.
येणाऱ्यांचे आधी बूट दिसतात, मग माणसं.

त्या मंगळवारी चिखलाने माखलेले बूट आले,
एकाला नाडीऐवजी विजेची वायर.
लीलँड स्प्रॅडलिन, वय एक्क्याऐंशी.
टोपी हातात धरून म्हणाला,
"ओडेसाशेजारी पुरायचंय मला.
आत्ता नाही. पण विचारून ठेवावं.
कंपनीने फाटकाला कुलूप घातलंय,
म्हणतात, डोंगर आमचा, अख्खा."

मी शोध घेणारी.
एकोणीस वर्षं लोकांच्या जमिनींवरून
उलट्या पावलांनी चालते आहे.
नव्वद सालापर्यंत संगणकाचा उजेड पुरतो,
त्यापलीकडे चाचपडत जायचं.

नव्वदच्या खतात कंपनी. तिच्याआधी बँक.
बँकेआधी एक लाकडाचा ठेकेदार,
त्याच्या सहीला इतके वळसे
की नाव त्यातून बाहेरच पडत नाही.
प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवतो:
'पुस्तक एक्केचाळीस, पान दोनशे बारा, तीच मिळकत.'
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाणासह
तीच, तीच, तीच.
कबरींबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

पुस्तक एक्केचाळीस कधीच्या तरी पुरात भिजलेलं.
पानं एकमेकांना धरून बसलेली.
बटर लावायच्या बोथट सुरीने मी ती सोडवत गेले,
दर पानागणिक ओल्या गोणपाटाचा वास.
लीलँड काही खुर्चीवर बसला नाही.

दोनशे बारा.
'चतुःसीमा येणेप्रमाणे:
ज्याखाली अस्वल सोललं त्या बीचच्या झाडापासून
अठरा काठ्या, ओढ्यातल्या ढवळ्या दगडापर्यंत;
तिथून एझराच्या कुंपणाने, कुंपण जाईल तसं,
परत बीचकडे.'

झाड गेलं. अस्वल तर आधीच गेलेलं.
ओढ्याने दोनदा कूस बदलली,
आणि एझरा कोण, हे लीलँडलाही सांगता येईना.

मग सहीच्या वर, वेगळ्या शाईत,
घाईने कोंबल्यासारखी एक ओळ:
'वगळून अर्धा एकर, जिथे मुलं निजली आहेत,
आणि तिथवर पायी जाण्यायेण्याची वहिवाट, निरंतर.'
खाली टेनेसी स्प्रॅडलिन हिची निशाणी.
एक फुली,
तिची दुसरी रेघ पहिलीपेक्षा जोरात ओढलेली.

"आजी माझी," लीलँड म्हणाला.
बोट फुलीजवळ नेलं, टेकवलं नाही.
"पुन्हा वाच."
मी तीनदा वाचलं.

ठेकेदाराच्या खतात ही ओळ नाही.
नक्कल करणाऱ्याला जेवणानंतर पेंग आली असेल,
किंवा कुणी त्याला सांगितलं असेल, एवढं राहू दे.
कागद दोन्हींत सारखाच दिसतो.
"किती मुलं होती?"
"सहा. सगळ्यात धाकटीला नावच नव्हतं."

मी त्याला समजावलं:
जे तिने विकलंच नाही
ते पुढच्या कुणाला विकता येत नाही,
त्यांनी शंभरदा 'तीच' म्हटलं तरी.
वकील हेच सांगेल, जास्त शब्दांत, पैसे घेऊन.

शिक्क्यासकट नक्कल, साडेपाच डॉलर.
ती त्याने टोपीच्या अस्तरात सरकवली,
जिन्यापर्यंत गेला, परत आला.
"पायी, असंच लिहिलंय ना?"
"हो."
"म्हणजे गाडी नाही."
"फाटकापासून नाही. कंपनी अडून बसली तर नाही."

तो बोटांवर मोजू लागला,
खांदा देण्याजोगे अजून कोण कोण उरलेत.
पुतण्या. चर्चमधला तो वेल्डर. आणि...
तिसऱ्या बोटाशी थांबला,
माझ्याकडे पाहत राहिला.

मी पुस्तक मिटलं.
चढ किती आहे, विचारलं.