पाठपोट

कोपरखैरणे, कॉलेजच्या फाटकासमोर
चहाची टपरी आणि मोबाइलवाला यांच्या मधल्या फटीत
माझं झेरॉक्सचं दुकान.
एका बाजूला दोन रुपये, पाठपोट तीन.
काचेवर मीच चिकटवलंय :
मूळ प्रत परत न्यायला विसरू नये.
तरी विसरतात.

जूनमध्ये मशीन तापतं.
हातात गरमागरम येतो
कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाचा जातीचा,
कुणाची गुणपत्रिका, गणितात छत्तीस.
मी वाचत नाही. डोळे वाचतात.
कुठल्या घरात किती शिल्लक आहे
हे सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा मला जास्त ठाऊक.

भिवाजी शेलार तुर्भ्याच्या बाजारातून थेट आले,
कमरेला पोती ओढायचा हूक,
सदऱ्यावर कांद्याची सालं.
मृणालीचा नंबर लागलाय, कॉम्प्युटरला.
वर्षाचे एक लाख बेचाळीस हजार.
ते आकडा असा म्हणाले
जसं पोत्याचं वजन सांगावं, पाठीवर घेण्याआधी.
पिशवीतून काढलं पगारपत्रक,
जावळीकडचा सातबारा, तीन भावांत अकरा गुंठे,
आणि आधारची झेरॉक्स. मूळ गावी ट्रंकेत.
"ताई, पाठपोट काढा. तेवढंच वाचंल."

दुसऱ्या दिवशी परत हजर.
बँकेला एकेरी हवी होती,
मागची बाजू कोरी.
पैसे घेऊ नयेत असं वाटलं.
घेतले. माझंही भाडं आहे.

वाया गेलेले कागद मी टाकत नाही.
टपरीवाल्या मुनीरची शाहीन, सातवीतली,
कच्च्या कामाला नेते.
शेलारांचे कागद उलटसुलट करून म्हणाली,
हे नकोत, यांना मागची बाजूच नाही.
मग कुणाच्या तरी फीच्या पावतीमागे
गणित मांडून बसली :
एका टाकीला दोन नळ,
एक भरतो, एक रिकामी करतो.
भरते का गं शेवटी?
भरते. उत्तर दिलंय ना, पुस्तकाच्या मागे.

दर जूनला तीच पिशवी.
प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत.
दुसऱ्या वर्षी भिवाजींचे डोळे गेले,
तिसऱ्या वर्षी मिशा आणि ओठ एक झाले,
चौथ्या वर्षी फक्त काळा डाग,
वर टोपी तेवढी पांढरी.
कॉलेजनं घेतलं. बँकेनंही घेतलं.
कुणी विचारलं नाही, हा माणूस कोण.

मृणालीचा बायोडाटा मीच टाइप केला.
वडिलांचा व्यवसाय?
ती फाटकाकडे बघत राहिली.
"मार्केटला आहेत."
मी तेवढंच लिहिलं. अकरा प्रती.
महापेला लागली, रात्रपाळी, अठरा हजार.
त्यात हप्ता नऊ हजार दोनशे.
यावर मी काही बोलले नाही,
आणि तीही हिशेब मागायला आली नव्हती.

पण गेल्या महिन्यात भिवाजी आले ते हसतच.
बँकेनं कर्जाचा विमा दोनदा कापला होता,
पोरीनं कागदात बोट ठेवून दाखवलं.
"तीन हजार सहाशे परत दिले, ताई.
सायेब हुबा ऱ्हायला तिच्याम्होरं."
साडेतीन दशकं ज्या काउंटरसमोर
ते टोपी काढून उभे राहिले,
त्याची ही एकूण परतफेड.
कमी आहे का जास्त,
मला अजून ठरवता येत नाही.

त्या दिवशी मूळ आधार गावाहून आणलं होतं.
काचेवर ठेवलं. झाकण लावलं. उजेड सरकला.
चेहरा आला. डोळ्यांसकट आला.
प्रत उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले.
घडी न घालता खिशात ठेवली, निघाले,
आणि मूळ काचेखालीच.
मी हाक मारली, तोवर तुर्भ्याची रिक्षा सुटली होती.

गल्ल्यात ठेवलंय.
येतील जूनमध्ये.
धाकटा आहे अजून, दहावीला.