तीन मजले राखून ठेव

जोकीमच्या फिजिक्सच्या वहीत
मागच्या पानापासून उलटी सुरू होते एक चित्रकथा.
तडितवीर. जांभळी केप, छातीवर वीज,
दंड असे की खांद्याशी त्यांचं काही नातंच नाही.

चोडणच्या फेरीत दोन गाड्यांच्या फटीत उभी राहून
मी तपासते.
पंधराव्या मजल्यावरून एक मुलगी कोसळते आहे.
(पणजीत अशी इमारत कुठली, ते जाऊ दे.)
तडितवीर खालून झेपावतो, पिवळ्या अक्षरांत "थप्प!"
आणि ती त्याच्या हातांवर,
केसांतली अबोलीची फातीसुद्धा न विस्कटता.

लाल पेनाने मी लिहिते:
पंचेचाळीस मीटर पडली. थांबली हातभर अंतरात.
उंची भागिले थांबण्याचं अंतर, शंभर.
म्हणजे तिच्याच वजनाच्या शंभर मुली
एकदम तिच्या अंगावर.
जोकीम, हे हात आणि फुटपाथ
यांत फरक फक्त रंगाचा.
शिवाय तो वर येतोय. वेगांची बेरीज कर.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दाराशी:
"मग माझो बापूय कसो वाचलो, टीचर?"
पावलू पाडेली. बांधावर कललेल्या माडावरून सुटला,
बारा मीटर. खाली खाजनाचा चिखल,
ओहोटी लागलेली, मानशीची दारं उघडी.
कमरेपर्यंत रुतला
आणि शिव्या देत आधी कोयती शोधू लागला.

फळ्यावर मांडलं. बारा भागिले एक.
"एक बरगडी नि उजवा घोटा," जोकीम म्हणाला,
जणू उत्तर ताळ्याशी जुळलं.
"म्हणजे तडितवीरापेक्षा चिखल बरा?"

चिखल घाई करत नाही, मी म्हटलं.
तुझ्या वीराला आणखी ताकद देऊ नकोस.
आधी पडू दे त्याला तिच्याबरोबर,
तिच्याच वेगानं, अगदी शेजारून,
मग हात. तोही हलके.
आणि खालचे तीन मजले राखून ठेव
नुसते थांबण्यासाठी.

शनिवारी वही परत आली.
चौदावा मजला, तेरावा, बारावा,
एकेका पानावर एकेक, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या
चादरीसकट.
दोघं शेजारी शेजारी पडताहेत, फाती वर उडालेली.
तो तिला काहीतरी विचारतोय,
फुगा अजून रिकामा.
सहाव्या मजल्याशी वही संपली.
पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं:
टीचर, पुरवणी मिळेल? थांबायला पानं जास्त लागतात.

सहामाहीतून उरलेल्या तीन होत्या पर्समध्ये.
दोरा मात्र नव्हता.
समोर रायबंदरचा धक्का.
फेरीवाल्यानं इंजिन केव्हाच उलटं फिरवलेलं,
आणि मध्ये अजून दहाबारा हात पाणी असताना
एक स्कूटरवाला
किक मारत होता.