दुसरं मत

आमचा मतदारसंघ नकाशावर
पडलाय एखाद्या हातमोज्यासारखा,
अंगठा नदीकडे, बोटं बीटच्या शेतांत रुतलेली.
दर दहा वर्षांनी राजधानीत बसून कुणीतरी
तो उसवतं, पुन्हा शिवतं.
मागच्या खेपेला टाका आर्डिस क्वामेच्या अंगणातून गेला:
घर आमच्यात, गोठा शेजारच्यांत.
"गाईंना आता वेगळा सिनेटर आहे,"
ती सांगते, न हसता.

हिशोब तसा सोपा. वर एक सिनेटर,
खालच्या सभागृहात दोघे.
आमचा आकडा विषम, म्हणून पाळी येते
अध्यक्षाच्या गदारोळाचं वर्ष सोडून,
नोव्हेंबरात, बीट काढून झाल्यावर.
नॉर्थ डकोटात आधी नाव नोंदवावं लागत नाही.
ओळखपत्र दाखवायचं, पत्ता जुळला की आत.
मी ल्युथरन चर्चच्या तळघरात
कॉफीच्या टाकीशेजारी बसतो.
बहुतेकांना ओळखतो मानेमागून.
आणि प्रत्येकाला एकच वाक्य म्हणतो:
"सिनेटला एक. हाउसला दोनपर्यंत."

'पर्यंत'वर जोर देतो मी.
लोकांना वाटतं, दोन म्हणजे दोनच;
ताटातलं टाकू नये
तसं हातातलं मतही टाकू नये.

अठ्ठ्याहत्तर साली आर्डिसलाही तसंच वाटलं.
तिचा धाकटा भाऊ टिल्मन उभा होता,
दोन जागा, चार माणसं.
पहिली फुली भावाला, ते काय विचारायचं!
मग पेन्सिल रेंगाळली, आणि तिला आठवला ऑस्टबी.
जानेवारीच्या वादळात त्याने ट्रॅक्टर लावून
तिची गाडी खंदकातून ओढली होती,
पैसे घेतले नव्हते.
उपकार फेडायचा तर एवढी एक फुली.

रात्री पहिली जागा बँकवाल्याने सहज नेली.
दुसरीला ऑस्टबी दोन हजार एकशे चौदा,
टिल्मन दोन हजार एकशे तेरा.
पुन्हा मोजलं. तेवढंच.
तिने ती फुली मारली नसती तर बरोबरी,
मग नाणं उडवलं असतं कुणीतरी,
आणि दोष नाण्याचा झाला असता.

ऑस्टबी चांगला निघाला, हे खरं.
नदीवरचा पूल त्याच्यामुळेच झाला.
टिल्मन विमा विकत राहिला
आणि दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता
त्या एका माणसाचा शोध घेत राहिला.
धान्यकोठारवाला? पाद्र्याची बायको?
शेवटी संशय बसला केस कापणाऱ्यावर,
कारण तो ऑस्टबीबरोबर मासे धरायला जायचा.
त्यानंतर टिल्मन केस कापायला
चाळीस मैल जाऊ लागला. मरेपर्यंत.

तो केस कापणारा मी.

मार्चमध्ये त्याला पुरलं, जमीन अजून कडक होती.
याच तळघरात, हातात कागदी बशी घेऊन,
आर्डिस माझ्याजवळ आली.
"लॉईड, ती फुली माझी होती."
केकचा घास तसाच राहिला माझ्या तोंडात.
मग म्हणाली, तेव्हापासून दुसरं मत
कधी दिलंच नाही, कुणालाच नाही.

मी काही बोललो नाही.
त्या साली मी एकच फुली मारली होती, टिल्मनला.
दुसरा चौकोन मुद्दाम कोरा ठेवला होता,
मित्राला दिलं तर टिल्मनचं वजन घटेल म्हणून.
ऑस्टबीला हे कधी कळलं नाही.
टिल्मनला मी सांगितलं असतं, तर त्याने मानलं असतं?
गुप्त मताचा साक्षीदार कुठून आणायचा?

आज आर्डिस आली. केस पार विरळ झालेत.
मतपत्रिका देताना मी वाक्य म्हटलं,
'पर्यंत'सकट.
"माहीत आहे," ती म्हणाली,
आणि पडद्याआड बराच वेळ होती.

रात्री यंत्राने लांब पट्टी ओकली:
हाउस, न वापरलेली मतं, एकशे बारा.
सही केली, घडी घातली, पाकिटाला लाख लावली.
कॉफीची टाकी विसळायची राहिलीच.