रुसनं

चोपड्याच्या आमच्या कॉलेजात तीन खोल्या आहेत
ज्यांच्या किल्ल्या कधी एका जुडग्यात नव्हत्या :
माझी पदार्थविज्ञानाची, देवरे मॅडमची वनस्पतीची,
आणि जिन्याखालची, जिथे अशपाक तडवी
जुन्या संगणकांची हाडं जुळवत बसतो.
बावीस वर्षं आम्ही एकत्र काढली
ती फक्त चहाची वर्गणी.

मग पत्र आलं. आंतरविद्याशाखीय.
शब्द इतका लांब
की लिफाफ्यावर दोन ओळींत मोडला होता.
निधी बेताचा. अट एकच : तिघांनी मिळून.

आम्ही केळी निवडली, दुसरं काय निवडणार इथे.
करपा यायच्या आधी ओळखायचा, फोटोवरून.
अशपाकने दोन रकाने केले : निरोगी, रोगट.
नऊ हजार पानं दाखवली. यंत्र शिकलं,
पण आम्हाला दिसत होतं तेवढंच शिकलं.

तापीकाठच्या बागेत पिलं कापणारी हिरकणबाई
कोयता कमरेला खोचून म्हणाली,
“हाई पान रुसनं शे.”

स्वच्छ, हिरवंगार पान.
मॅडमनी भिंग लावलं, काही नाही.
मी हसलो.
(हे लिहून ठेवतो, कारण पेपरमध्ये ते येणार नाही.)

नवव्या दिवशी त्याच पानावर पिवळ्या रेघा.

“रुसतं म्हणजे करतं काय?”
“त्याले हात लाई दखा.”
लावला. माझ्या हाताला काहीच कळलं नाही,
खडू आणि वायरी धरलेला हात.
मग तापमापक लावला :
शेजारच्या पानापेक्षा पाऊण अंश गरम.
दुसरं रुसलेलं पान, पाऊण अंश. तिसरं, थोडं कमी.
संध्याकाळपर्यंत आम्ही तिच्या मागे मागे,
ती बोट दाखवायची, मी आकडा सांगायचो,
मॅडम देठाला दोरा बांधायच्या.

त्या रात्री तिसरा रकाना उघडला.
प्रोग्रॅमला अनुस्वार चालेना.
अशपाक दोनपर्यंत बसला त्या एका टिंबासाठी.

परीक्षकांनी विचारलं : या संज्ञेचं एकक काय?
मॅडमनी उत्तर लिहिलं :
पाऊण अंश, आणि अठ्ठावीस वर्षं.
मी दुसरा अर्धा भाग खोडला.
त्यांनी परत लिहिला.

आता चौथ्या नावाचा अर्ज भरतोय.
ईमेल काढून झाला, पासवर्ड तिने स्वतः ठेवला,
आम्हाला सांगितला नाही.
विभाग? संस्था?
तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
मॅडम म्हणतात, कॉलेजचं नाव टाका.
कॉलेज म्हणतं, ठराव लागेल.

पंखा घरघरतोय, पडदा गोठलाय,
अशपाक गप्प.
हिरकणबाईने संगणकाच्या पाठीवर तळहात ठेवला.
“हाऊ बी रुसना शे.”

आणि आम्ही तिघांनी,
न ठरवता,
आपापला हात पुढे केला.