तीन वेढे

हायलायटर संपले. आधी पिवळा, मग गुलाबी,
शेवटी आतेबहिणीकडून मागून आणलेला पोपटीसुद्धा.
भौतिकशास्त्राचं पुस्तक
शिगमा खेळून आलेल्या शर्टासारखं झालं होतं,
आणि पहिल्या चाचणीत चाळीसपैकी अकरा.

रेबेलो सर रागावले नाहीत.
"किती वेळा वाचलंस?"
सहा वेळा, सर.
"आणि मिटून?"
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.
ती लागत नव्हती.

दिवाडी ते रायबंदर, फेरीबोटीची दहा मिनिटं.
तेवढ्यात एक उदाहरण सोडवायचं, असं ठरवलं.
पुस्तक पिशवीत, पिशवीची चेन बंद,
मांडीवर लाइटबिलाची कोरी पाठ.
पहिल्या दिवशी ‘समजा’ एवढंच लिहून झालं.
काय समजायचं ते सुचेना.
सहा वेळा वाचलेल्या त्या पानाचा
फक्त रंग आठवत होता.
मांडवी मला त्या दिवशी पहिल्यांदा रुंद वाटली.

दुसऱ्या दिवशी दोन ओळी. त्यातली एक चूक.
गुरुवारी चूक कुठं आहे ते कळलं, का आहे ते नाही.
शुक्रवारी मी फक्त नदीकडे बघितलं, खोटं कशाला बोलू.
शनिवारी शेजारच्या सीटवरची इर्मिंदा मावशी
पावांची टोपली पायाशी सरकवत म्हणाली,
"रोज तेच लिहितेस गे?"
रोज तेच, मावशी. रोज वेगळ्या जागी अडतं.

बोटीवर दोर टाकतात ते माझे बाबा.
धक्का आला की खुंटाला तीन वेढे,
आणि दोन रिक्षा, एक टेम्पो, चाळीस माणसं
एका हातात धरून
दुसऱ्या हातानं ते बांगड्याचा भाव विचारतात.
अठरा वर्षं बघत आले मी हे.
त्या सोमवारी पहिल्यांदा विचारलं,
हाताला ओढ लागत नाही?

"ओढ खुंट खातो.
एकच वेढा दे, हात सोलून निघेल.
दोन दिलेस तर दात-ओठ खाशील.
तिसऱ्याला मी विडी पेटवतो."

बेरीज नाही. गुणाकार.
प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यानं उरवलेल्यातलाच
तेवढाच हिस्सा खातो.
मी धक्क्यावर उभी राहूनच लिहिलं,
म्यू, थीटा, आणि ती वर चढत गेलेली घात,
जी फळ्यावर बघून मी मुकाट उतरवून घेतली होती.
पणजीची बस गेली. जाऊ दे.

दुसऱ्या चाचणीत सत्तावीस.
एक ऋण चिन्ह मी कुठं हरवलं देव जाणे.
रात्री भाताच्या ताटावर बाबांना सगळं समजावलं,
लोणच्याची बरणी म्हणजे खुंट, चार्जरची वायर म्हणजे दोर.
मध्येच एका पायरीवर माझी मीच अडखळले.
मागे गेले. पुन्हा आले.
आई म्हणाली, जेवण निवतंय.
बाबा मान डोलवत राहिले,
कोर्टात साक्ष ऐकावी तसे.

मग त्यांनी बोटानं वायर थोडी सैल केली.
"आणि दोर भिजलेला असला तर?"

पुस्तक कोपऱ्यात, स्टुलावर, हाताच्या अंतरावर.
मी ताटाच्या कडेला पाण्यानं ‘समजा’ लिहिलं
आणि थांबले.