एकशे सत्तर अंशांवर

बाहेर उणे तेवीस. मिनियापोलिसची नदी
पुलाखाली पांढरी, गप्प.
आत हॉल्वरने काचनळीची मान ज्योतीत वितळवून
निर्वात बंद केली. म्हणाला, "जपून, गरम आहे अजून."
माईसीने ती स्वेटरच्या बाहीत धरली.

नळीत एक मीठ आहे, थंडीतही पातळच राहणारं,
आणि त्यात धागे. प्रत्येक धागा दोन स्वभावांचा:
अर्ध्याला द्रव मानवतो, अर्ध्याला सोसत नाही.
न सोसणारी टोकं आत तोंड खुपसून बसतात,
मानवणारी बाहेर, केस मोकळे सोडून.
असा एक मायसेल. असे अब्जावधी.

पण हे घाईत झालेत.
मावावेत त्याहून जास्त धागे एकेकात,
बाहेर खांद्याला खांदा,
आणि एकट्याने सुटून जायचं
तर अंगावर न सोसणारा द्रव घेत जावं लागतं.
कोण जातंय!
महिनाभर नळी कपाटात होती, आकडा तोच.
प्राध्यापकबाईंनी वहीत लिहिलं होतं: स्थिर.
माईसीने खोडून लिहिलं: अडकलेले.

रात्री अकरा. एकशे सत्तर अंश.
लाल किरण नळीतून जातो, विखुरतो, लुकलुकतो.
मोठ्यांची लुकलुक संथ, लहानांची चपळ.
वीस मिनिटं संथच.
दाराबाहेर उभ्याने ती चिकट भाताचा गोळा मोडते.
फोन. सेंट पॉलच्या घरी अकरा माणसं, एक न्हाणीघर;
केंग बायको-मुलांना घेऊन वेगळा निघालाय.
आई भांडी वाटतेय, मधेच नाक पुसतेय,
"भात वाफवायची टोपली कुणाची?" विचारतेय.
"आई, थांब जरा."

लुकलुक चपळ झाली होती.

काच फुटते तसं नसणार हे, तिला वाटलं.
आधी लांबट होत असेल, मग कमरेत आवळत असेल,
थोडा वेळ मधे एक अरुंद पूल,
त्यावरचे धागे, कुठल्या बाजूचे ते अजून ठरलेलं नाही.
मग दोन. दोघंही गोल.

पहाटेपर्यंत त्रिज्या उतरत उतरत एका जागी टेकली.
गार केलं. परत जुळले नाहीत.
पुन्हा तापवलं.
आता हललीच नाही.
वहीत 'अडकलेले'च्या खाली तिने
पेन्सिलीने, फिकट, 'स्थिर' लिहिलं.

साडेपाचला आईला फोन लावला.
"टोपली केंगला दे. आपण नवी आणू."
पलीकडे नळाचं पाणी वाहत राहिलं.
"नवीत वर्षभर भाताला बांबूचा वास येतो,"
आई म्हणाली. "येऊ दे."