चौथा रकाना

कुताइसीत, बाजारामागच्या सिग्नलला
सकाळी आठपासून उभी आहे मी,
छातीशी पॅड, पॅडवर कागद, कागदावर चार रकाने:
नीट बांधलेलं. चुकीचं बांधलेलं. मांडीवर. मोकळं.

लाल दिवा चाळीस सेकंद टिकतो.
तेवढ्यात काचेआड डोकवायचं,
वय अंदाजानं लिहायचं,
आणि कुणाला काही बोलायचं नाही.
हे त्या तिबिलिसीहून आलेल्या पोरीनं दोनदा बजावलं.
चौतीस वर्षं मी बोलण्याचाच पगार घेतला, तिला काय माहीत.

पहिलीच गाडी जपानहून आलेली, जुनी,
स्टिअरिंग उजवीकडे,
म्हणून मी डाव्या खिडकीशी वाकते
तर ड्रायव्हरच्या जागी चार वर्षांची मुलगी,
पाय डॅशबोर्डवर,
द्राक्षरसात घोटलेली अक्रोडांची माळ चघळत.
मोकळं. एक रेघ.

मग एक राखाडी गाडी. मागे मुलांची खास सीट,
खरीखुरी, महागाची, पट्टे ओढून घट्ट केलेले,
आणि त्यात वाइनचा वीस लिटरचा बुधला.
शेजारी मुलगा उभा, बुधल्याला कवटाळून.
सांडू देऊ नकोस, असं सांगितलं असणार त्याला.
मी पेन तसंच धरून राहिले.
वाइनला रकाना नाही.

कुणाच्या बकलात नुसतीच जीभ खोचलेली, बिनपट्ट्याची;
बाजारात मिळते,
गाडीची किरकिर बंद होते.
चौकापलीकडे चर्च आलं की
बाप स्टिअरिंग सोडून तीनदा छातीवर क्रूस काढतात,
मागे उभी पोरंही काढतात, झोकांड्या खात.

"बाई! त्सियालाबाई!"
गोचा. खिडकीकडच्या बाकावरचा.
मांडीवर मूल, मुलाचे हात स्टिअरिंगवर.
"बघा, आत्तापासून चालवतो!"
जडत्वाच्या धड्यावर ह्याला दहापैकी नऊ दिले होते मी.
ट्रेमध्ये गोटी ठेवून, ट्रे ओढून, अचानक थांबवून:
धावती वस्तू धावतच राहते, जोवर…
आणि अख्ख्या वर्गानं वाक्य पुरं केलं होतं, एका सुरात.
बोलायचं नाही.
"नाव काय ह्याचं?" एवढंच विचारलं.
"बेसारिओन. आजोबांचं ठेवलं."
हिरवा लागला.

खरं तर मला तरी कुठे तोंड आहे?
शहाऐंशीच्या मार्चमध्ये, नुग्झारच्या झिगुलीतून,
बर्फानं गुळगुळीत झालेल्या रस्त्यावरून
मीही आणलंच की तीन दिवसांचं बाळ, दोन्ही हातांत.
घरी पोहोचलो.
पोहोचलेलेच तर सांगत फिरतात, काही होत नाही म्हणून.

सव्वाअकराला एक निळी, ओरखडलेली गाडी.
बाई दमलेली, एकटी.
मागे मूल पट्ट्यांत घट्ट, लालबुंद, कमान करून रडतंय.
शेजारच्या गाडीतली म्हातारी ओरडली:
"सोड गं त्याला, जीव जाईल रडून!"
बाईनं काच वर घेतली.
मी पहिल्या रकान्यात रेघ ओढली,
जरा जाडच ओढली.

संध्याकाळी बेरीज केली. दोनशे बारा मुलं.
पहिल्या रकान्यात एकोणीस.
चौथ्यातल्या रेघा कागदाबाहेर, मागच्या बाजूला गेलेल्या.
बद्रीच्या टॅक्सीत बसले,
सीटच्या जाड कव्हराखाली हात घातला:
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, एक नाणं,
कुणाच्या तरी छोट्या केसांची पिन.
बद्रीनं आरशातून पाहिलं, दुखावल्यासारखं.
"माझ्यावर भरवसा नाही, बाई?"

बोटं अजून खोल गेली.
काहीतरी थंड, धातूचं लागलं.
"थांब," म्हटलं, "गाडी काढू नकोस. सापडतंय."